आमच्या टाऊनच्या मिडल स्कूलचा पट

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या वहिनींचा फोन आला. अमेरिकेत येऊन त्यांना बरीच वर्षं झालीत, आत्तापर्यंत मोठ्या शहराच्या सबर्बमधे राहायचे, आता भाऊजींचा जॉब आमच्या बाजूला शिफ्ट होतोय आणि नेमकं आमच्याच टाऊनमधलं एक घर त्यांना आवडलंय. मुलगा पाचवीत, म्हणजे येत्या ऑगस्टमधे सहावी, म्हणजे आमची मिडल स्कूल. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "एक विचारू का, राग मानू नका हं. घरांच्या साइटवर त्या शाळेला दहापैकी चार दाखवतायत. आणि मुलंही दरवर्षी कमी होतायत म्हणे. तुम्ही लेकीला तिथेच कशी काय ठेवलीत?"

राग नाही आला. पण मला फोनवर धड उत्तर देता आलं नाही हे खरं, मी आपलं "शिक्षक चांगले आहेत हो, या एकदा बघायला" असं काहीतरी बोलले आणि फोन ठेवल्यावर रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. माझी मुलगी सातवीत आहे. गेली दोन वर्षं मी स्कूल बोर्डाच्या (म्हणजे इथल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या समितीच्या) जवळपास प्रत्येक मीटिंगला जाऊन बसते, बजेटचे कागद वाचते, त्यामुळे मला सांगण्यासारखं खूप होतं आणि नेमकं तेव्हाच सुचलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहितेय, वहिनींसाठी आणि असाच प्रश्न पडलेल्या बाकीच्यांसाठी पण.

पट हा शब्द माझ्या घरातला आहे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आणि तिच्या बरोबरच्या बाई वस्त्यांवर घरोघरी फिरून पहिलीत येणारी मुलं शोधायच्या. पट कमी झाला की शिक्षकाचं पद जातं, पद गेलं की एका शिक्षकावर दोन वर्ग येतात, दोन वर्ग एकत्र बसले की पालक मुलं काढून घेतात, आणि पट अजून कमी होतो. हे चक्र मी लहानपणी घरात जेवताना ऐकलंय. इथे एवढ्या लांब येऊन, एवढ्या श्रीमंत देशात, स्कूल बोर्डाच्या मीटिंगमधे 'एनरोलमेंट' या शब्दाखाली तेच ऐकलं तेव्हा मला खरंच गलबलून आलं.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मिडल स्कूल म्हणजे साधारण सहावी ते आठवी. ही भानगड तशी नवीन आहे. आधी आठवीपर्यंत एक शाळा आणि पुढे हायस्कूल असं असायचं, मग १९०९ मधे ओहायोतल्या कोलंबसला पहिली ज्युनिअर हायस्कूल निघाली, सातवी ते नववीची, आणि १९६३ मधे विल्यम अलेक्झांडर नावाच्या शिक्षणतज्ज्ञांनी कॉर्नेल युनिव्हर्सिटीत एका परिषदेत मांडलं की या वयाच्या मुलांना छोटी हायस्कूल नको, त्यांच्या वयाला जुळेल अशी वेगळीच शाळा हवी. तिथून मिडल स्कूल हे नाव चाललं. मोठ्या शहरात अशा दहा-वीस शाळा असतात. आमच्यासारख्या छोट्या टाऊनमधे एकच असते, त्यामुळे आकडा वर गेला काय आणि खाली गेला काय, तो सगळ्या गावाचा आकडा असतो, लपायला जागाच नसते.

तर मुलं कमी का होतायत? वहिनींना वाटलं (आणि बहुतेकांना हेच वाटतं) की शाळा चांगली नाही म्हणून लोक मुलं काढून नेतायत. काही नेतात, नाही असं नाही. पण मुख्य कारण फार साधं आहे, मुलं जन्मालाच कमी येतायत. अमेरिकेत २००७ साली ४३ लाखांच्या वर बाळं जन्मली, तो विक्रम होता. त्यानंतर मंदी आली आणि आकडा घसरत गेला तो परत वर आलाच नाही, २०२० मधे ३६ लाखांच्या आसपास आला. म्हणजे दर सहा मुलांमागे एक मूल कमी. आता सहावीचं मूल अकरा वर्षांचं धरलं तर २००७ ची बाळं २०१८-१९ च्या सुमाराला मिडल स्कूलला आली, तिथे शिखर होतं, आणि २०२० ची बाळं २०३१ च्या सुमाराला येणार. मधला सगळा काळ उताराचाच आहे. शाळेतले शिक्षक उद्या देवासारखे शिकवायला लागले तरी हे बदलणार नाहीये, कारण जी मुलं जन्मलीच नाहीत त्यांचं नाव पटावर कुठून येणार.

त्यात कोविड. २०१९ च्या शरदात देशभरातल्या पब्लिक म्हणजे सरकारी स्कूल्समधे साधारण ५ कोटी ८ लाख मुलं होती, एका वर्षात ती ४ कोटी ९४ लाखांवर आली. त्यातली कितीतरी होमस्कूलिंगला गेली, काही प्रायव्हेटला, काही ऑनलाइन शाळांत, आणि बालवाडीची मुलं तर पालकांनी घरीच ठेवली. काही परत आली, सगळी नाही आली. आणि छोट्या टाऊनचं आणखी एक दुखणं असतं ते म्हणजे घरं. आमच्या गल्लीत चार बेडरूमच्या घरांत एकेकटे आजी-आजोबा राहतात, ती मंडळी प्रेमळ आहेत, घर त्यांचं आहे, त्यांनी का सोडावं, पण तरुण कुटुंबाला भाड्याने घरच मिळत नाही मग मुलं येणार कुठून? शाळेच्या एनरोलमेंटची चर्चा करताना घरांची चर्चा कोणी करत नाही, मला हे फार खटकतं. टाऊन कौन्सिलची मीटिंग वेगळ्या दिवशी, स्कूल बोर्डाची वेगळ्या दिवशी, आणि दोन्हीकडे वेगळी माणसं.

याशिवाय ओपन एनरोलमेंट आहे. म्हणजे राहायचं या स्कूल डिस्ट्रिक्टमधे (एका स्कूल बोर्डाखाली येणारा भाग) आणि मूल घालायचं शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या शाळेत. मिनेसोटाने १९८० च्या दशकात हे सुरू केलं, आता बऱ्याच राज्यांत या ना त्या स्वरूपात आहे. मूल जातं तिकडे राज्याचे पैसे जातात. पालक म्हणून मला ही सोय पटते, खरंच पटते, एखाद्या मुलाला एखाद्या शाळेत त्रास होत असेल तर त्याला दुसरी वाट हवीच. पण दहापैकी चार आणि शेजारी दहापैकी सात असं साइटवर बघून, आमच्या शाळेच्या दारातही न येता फॉर्म भरणारे लोक बघितले की जीव तुटतो.

आता पैशाचं सांगते कारण खरी मेख तिथे आहे. इथल्या पब्लिक स्कूलचा बहुतेक पैसा राज्याकडून आणि स्थानिक टॅक्समधून येतो, केंद्र सरकारचा वाटा एक दशांशाच्या आसपास असतो. राज्याचा पैसा मुलांच्या डोक्यांवर मोजून येतो. काही राज्यं ठरलेल्या दिवशी हजेरी मोजतात, काही वर्षाची सरासरी धरतात, कॅलिफोर्निया आणि टेक्सससारख्या राज्यांत तर प्रत्यक्ष हजर राहिलेल्या मुलांची सरासरी धरतात म्हणजे मूल पटावर असून आजारी पडलं तरी पैसा कमी. ठीक आहे, मूल कमी तर पैसा कमी, ऐकायला हिशोब बरोबर वाटतो. पण समजा बारा मुलं कमी झाली. ती काय एका वर्गातून उठून जातात का? सहावीतून चार, सातवीतून चार, आठवीतून चार. एकही वर्ग बंद करता येत नाही, एकही बस बंद करता येत नाही, बॉयलर तेवढाच जळतो, छप्पर तेवढंच गळतं, आणि बारा मुलांचे पैसे मात्र गेलेले असतात. मग काय होतं, कोणालाही नोकरीवरून काढत नाहीत, असं कधी होत नाही पटकन, कोणीतरी शिक्षक रिटायर होतो आणि त्या जागी कोणी येत नाही. बस. बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही.

आतून बघा पण. प्राथमिकला एक शिक्षक एक वर्ग सांभाळतो, एक-दोन मुलं कमीजास्त झाली तर चालून जातं. हायस्कूलला चार वर्गांची मुलं मिळून एखादा विषय उभा राहतो. मिडल स्कूल मधल्या मधे अडकते. तिथे प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक लागतो, गणिताचा, सायन्सचा, इंग्लिशचा, सोशल स्टडीजचा, वर बँड, आर्ट, पीई, आणि मुलं मात्र तीनच वर्गांची. त्यामुळे पट उतरला की सगळ्यात आधी फटका बसतो तो टाइमटेबलला. गणिताचे दोन सेक्शन होते त्याचा एक होतो. एक सेक्शन झाला की पुढे असलेली मुलं आणि मागे पडलेली मुलं एकाच वेळी एकाच वर्गात. आठवीत अल्जेब्रा घ्यायचा तर त्याला दहा-बारा तरी मुलं लागतात, नाहीतर त्या तासाला शिक्षक देणं परवडत नाही. देशभरातसुद्धा आठवीला अल्जेब्रा देणाऱ्या शाळा २०१५-१६ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे साधारण ६० टक्केच होत्या, आणि तो घेणारी आठवीची मुलं जेमतेम चौथा हिस्सा. आपल्या मराठी पालकांचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, "आठवीत अल्जेब्रा आहे का?" प्रश्न बरोबर आहे, पण तो असेल की नाही हे तुमच्या-आमच्यासारखे किती लोक मुलं तिथे घालतात यावरच ठरतं!

माझ्या मुलीच्या बाबतीत झालेलं सांगते. गेल्या वर्षी तिला पुढचं गणित मिळायला हवं होतं, टेस्टमधे बसत होतं, पण तो तास आणि बँडचा तास एकाच वेळी आला कारण दोन्हीचा एकेकच सेक्शन. ती रडली, मीपण रडले खरं तर, तिने बँड निवडला. शाळेचं मन वाईट नव्हतं, काउन्सेलर बाईंनी तीन वेळा टाइमटेबल मांडून बघितलं माझ्यासमोर बसून. मुलंच कमी असली की असं होतं. आणि सायन्सला एक अख्खी सेमिस्टर सबस्टिट्यूटवर निघाली, ते मला अजिबात आवडलं नव्हतं आणि मी बोर्डात उठून तसं बोलले पण. तेव्हा शाळेत सगळं छान आहे असं मी म्हणतच नाहीये.

पण दहापैकी चार? त्या आकड्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय.

२०१५ साली सही झालेल्या ईएसएसए (एव्हरी स्टुडंट सक्सीड्स अॅक्ट) या केंद्राच्या शिक्षण कायद्याप्रमाणे तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचन आणि गणिताची राज्याची परीक्षा होते. म्हणजे मिडल स्कूलचे तिन्हीच्या तिन्ही वर्ग परीक्षेत मोजले जातात, प्राथमिकला निदान पहिली-दुसरी सुटते, हायस्कूलला एकदाच होते. मग किती टक्के मुलं 'प्रोफिशियंट', म्हणजे राज्याने आखलेल्या रेषेच्या वर, आली यावरून शाळेचा आकडा निघतो. आता धरा की आठवीत ४० मुलं आहेत. एक मूल म्हणजे अडीच टक्के. चार मुलं रेषेच्या एक-दोन मार्क खाली राहिली की शाळा १० टक्क्यांनी घसरली, पेपरमधे हेडलाइन. ४०० मुलांच्या बॅचमधे तीच चार मुलं म्हणजे एक टक्का, कोणी बघणार पण नाही. स्टॅटिस्टिक्स शिकलेल्यांना माहीतच आहे, ४० मुलांच्या बॅचमधे निव्वळ योगायोगाने आकडा सात-आठ टक्के इकडे तिकडे होणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, शिकवण्यात काडीचाही फरक न पडता. दोन भावंडांचं एक कुटुंब गाव सोडून गेलं तरी आमचा ग्राफ हलतो.

हे माझं म्हणणं नाही फक्त. थॉमस केन आणि डग्लस स्टायगर या दोन अर्थतज्ज्ञांनी नॉर्थ कॅरोलिनाच्या शाळांचे निकाल तपासून २००२ मधे हेच दाखवलं होतं, यादीत सगळ्यात वरती पण छोट्या शाळा आणि सगळ्यात खाली पण छोट्या शाळा, आणि वर्षागणिक त्यांचे नंबर उड्या मारतात. याच गैरसमजातून उलटी चूक पण झालेली आहे. यादीच्या वरच्या टोकाला छोट्या शाळा जास्त दिसतात म्हणून छोट्या शाळा म्हणजे चांगल्या शाळा असं समजून २००० नंतर छोट्या हायस्कूल्स काढायला प्रचंड पैसा ओतला गेला, गेट्स फाउंडेशनचा त्यात मोठा वाटा, आणि २००९ च्या आपल्या पत्रात बिल गेट्स यांनी स्वतः कबूल केलं की त्यातल्या बऱ्याच शाळांत मुलांचे निकाल फारसे सुधारले नाहीत. म्हणजे लहान म्हणून चांगली हेही खोटं आणि लहान म्हणून वाईट हेही खोटं, लहान शाळेचा आकडा डगमगतो एवढंच खरं. म्हणून मी वहिनींना सांगणार आहे की एका वर्षाचा आकडा बघूच नका, तीन-चार वर्षं एकत्र करून बघा, आणि राज्याच्या आकड्याच्या शेजारी ठेवून बघा.

राज्याच्या शेजारी का, तर सगळा देशच घसरलाय. नेशन्स रिपोर्ट कार्ड नावाची देशपातळीवरची परीक्षा असते, तिची आठवीच्या गणिताची सरासरी २०१९ ते २०२२ मधे ८ पॉइंटने पडली, ही परीक्षा सुरू झाल्यापासून एवढी घसरण कधी झाली नव्हती. २०२४ मधे गणित तिथेच अडकलेलं, आणि आठवीचं वाचन अजून २ पॉइंट खाली, देशातली तिसरा हिस्सा मुलं वाचनात 'बेसिक'च्या पण खाली. ही परीक्षा नमुन्यावर घेतात, एकेका शाळेचा निकाल त्यात निघतच नाही. पण तो आरसा समोर ठेवला की कळतं, आमच्या शाळेचा आकडा २०१९ पेक्षा खाली आहे म्हणून आमच्याच शिक्षकांनी काहीतरी बिघडवलं असा निष्कर्ष काढणं किती अन्यायाचं आहे.

आणि अजून एक, ही टक्केवारी शाळेपेक्षा पालकांबद्दल जास्त सांगते. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या डिस्ट्रिक्ट्सचे कोट्यवधी निकाल एकत्र करून बघितले. सरासरी मार्क हे घरच्या उत्पन्नाशी आणि आई-बापांच्या शिक्षणाशी घट्ट बांधलेले निघाले, पण मुलं एका वर्षात किती पुढे सरकतात याचा श्रीमंतीशी संबंध फारच कमी. त्यांचं शिकागोचं उदाहरण मला तोंडपाठ आहे, तिथली मुलं तिसरीत देशाच्या सरासरीच्या खूप मागे होती पण तिसरी ते आठवी या पाच वर्षांत साधारण सहा वर्षांएवढं शिकली. टक्केवारीच्या यादीत तिथल्या शाळा खालीच दिसणार आणि खरं काम मात्र तिथेच चाललंय. म्हणून राज्याकडून निघणाऱ्या शाळेच्या रिपोर्ट कार्डवर 'ग्रोथ' असं लिहिलेला रकाना शोधा. बऱ्याच राज्यांत तो असतो, ५० च्या आसपास म्हणजे त्याच पातळीवरून सुरुवात केलेल्या राज्यातल्या इतर मुलांएवढी प्रगती. आमच्या शाळेचा हा रकाना साइटवरच्या त्या चारपेक्षा कितीतरी बरा आहे पण तो शोधायला चार क्लिक लागतात आणि चार हा आकडा घराच्या फोटोखालीच असतो.

उलट बाजूनेही सांगते कारण मला शाळेची वकिली करायची नाहीये. छोट्या शाळेत काही गोष्टी आकड्यांत दिसतच नाहीत. एखाद्या गटात मुलं फार कमी असली की त्या गटाचा निकाल छापत नाहीत, ही मर्यादा प्रत्येक राज्य ठरवतं, बऱ्याच ठिकाणी १० ते ३० च्या मधे असते, आणि ते मुलांची ओळख उघडी पडू नये म्हणून आहे, बरोबरच आहे. पण त्यामुळे स्पेशल एज्युकेशनची सात मुलं असतील किंवा नुकतीच इंग्लिश शिकणारी पाच मुलं असतील तर त्यांचं काय चाललंय हे बाहेरून कोणालाच कळत नाही, रकान्यात नुसतं फुलीचं चिन्ह. त्या मुलांच्या आया मीटिंगला येतात तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसते मुद्दाम.

गैरहजेरी हा खरा प्रॉब्लेम आहे, तोही इथे सांगायलाच हवा. शाळेचे १८० दिवस धरले तर १८ दिवस बुडवणारं मूल क्रॉनिकली अॅबसेंट समजतात, आणि कोविडनंतर अशा मुलांचं प्रमाण देशभर जवळपास दुप्पट झालं. हळूहळू कमी होतंय पण आधीच्या जागी आलेलं नाही. मिडल स्कूलच्या वयात मूल सकाळी उठून "पोट दुखतंय" म्हणतं आणि आई कामाला निघालेली असते, बस निघून गेली की छोट्या टाऊनमधे दुसरं वाहन नाही, दिवस बुडाला. कोविडच्या मदतीच्या पैशातून (तीन कायदे मिळून साधारण १९० अब्ज डॉलर देशभर वाटले गेले) आमच्याकडे पण अशा घरी फोन करणारी, प्रसंगी स्वतः जाऊन दार वाजवणारी एक बाई नेमली होती. तो पैसा सप्टेंबर २०२४ ला संपला. तिचं पद पण. मला राहून राहून माझी आई आठवते.

आता बोर्डात चर्चा चालू आहे ती अशी की मिडल स्कूल वेगळी ठेवावीच का. सहावी प्राथमिकला जोडायची आणि सातवी-आठवी हायस्कूलच्या इमारतीत न्यायची, एक इमारत वाचेल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कडाडून विरोध केला, मग वाचत गेले तसा तो थोडा मवाळ झाला. कारण मिडल स्कूलमधे शिरताना मुलं घसरतात हे खरंच दिसून आलंय, न्यूयॉर्क शहराच्या मुलांवर रॉकॉफ आणि लॉकवुड यांचा २०१० चा अभ्यास आहे, फ्लोरिडाच्या अख्ख्या राज्याच्या आकड्यांवरही नंतर तसाच झाला, आठवीपर्यंत एकाच शाळेत राहिलेल्या मुलांपेक्षा शाळा बदलणारी मुलं मागे पडली. म्हणजे सहावी प्राथमिकमधेच ठेवण्यात काही वाईट नाही. पण बारा वर्षांची मुलं आणि अठरा वर्षांची मुलं एका कॉरिडॉरमधे, हे अजून माझ्या पचनी पडत नाही. बोर्डातल्या एका आजोबांनी मला शांतपणे समजावलं की बाई, बँडचा शिक्षक एकाच इमारतीत असला तर त्याला दोन्हीकडची मुलं शिकवता येतील आणि तुझ्या मुलीचा तास गणितावर येणार नाही. त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही.

शेजारच्या डिस्ट्रिक्टमधे विलीन व्हायचं हा पर्याय मात्र मला नको वाटतो. अमेरिकेत १९४० च्या सुमाराला १ लाख १७ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट्स होते, आज १३ हजारांच्या आसपास आहेत, म्हणजे विलीनीकरण काही नवीन नाही आणि एकशिक्षकी शाळा गेल्या हे बरंच झालं. पण वेस्ट व्हर्जिनियाने १९९० नंतर दहा-बारा वर्षांत ३०० च्या वर शाळा बंद केल्या, पैसे वाचतील म्हणून, आणि ठरलं होतं तेवढे वाचले नाहीत, मुलांचा बसमधला वेळ मात्र वाढला. अकरा वर्षांच्या मुलाने सकाळी अंधारात बसमधे बसायचं आणि घाटाघाटाने तासभर जायचं, आणि दुपारनंतरच्या प्रॅक्टिसला थांबायचं तर घरी न्यायला गाडी हवी, ज्यांच्याकडे दुसरी गाडी नाही त्यांचं मूल खेळतच नाही मग.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट आवर्जून. लेव्हीचं मतदान असतं, म्हणजे शाळेसाठी जास्तीचा प्रॉपर्टी टॅक्स द्यायचा का यावर गाव मत देतं. आपल्यातले कितीतरी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असतात, मत देता येत नाही, म्हणून मग आपण त्या सगळ्यापासूनच लांब राहतो. मीही तीन वर्षं तेच केलं आणि त्याचं मला वाईट वाटतं. स्कूल बोर्डाची मीटिंग सगळ्यांना खुली असते, पब्लिक कॉमेंटला साधारण तीन मिनिटं मिळतात, माझा उच्चार वेगळा आहे म्हणून कोणी मला थांबवलं नाही आजपर्यंत. आणि ज्या आजी-आजोबांची मुलं कधीच मोठी होऊन गेली त्यांच्या मतावर लेव्ही पास होते की नाही ते ठरतं, त्यांच्याशी बोलायला नागरिकत्व लागत नाही. मी आमच्या शेजारच्या आजींना मुलीच्या बँड कॉन्सर्टला घेऊन गेले होते, त्या शाळेत वीस वर्षांनी गेल्या म्हणाल्या.

वहिनींना मी परत फोन केला. सांगितलं की घर घ्यायच्या आधी शाळेत या, प्रिन्सिपलशी बोलून मी वेळ ठरवते. आणि तिथे आल्यावर अल्जेब्रा आहे का एवढंच विचारू नका, शिक्षक किती वर्षं टिकलेत ते विचारा, गणिताचे किती सेक्शन आहेत आणि मुलगा पुढे असेल किंवा मागे पडला तर काय करता ते विचारा, जेवणाच्या सुट्टीत कॅफेटेरियात उभं राहून बघा एकटी बसणारी मुलं किती आहेत.

त्या आल्या. गेल्या गुरुवारी, भाऊजी आणि मुलगा पण. सातवीच्या सायन्सच्या तासाला बसले, नवीन सर आलेत आता, मुलं गटागटाने तारा आणि बॅटऱ्या जोडत होती, वर्गात अठरा मुलं. सरांनी वहिनींच्या मुलालाही एका गटात बसवून घेतलं, आणि त्या गटातल्या मुलीने त्याच्या हातात तार दिली आणि म्हणाली हे टोक तू पकड. तासानंतर कॉरिडॉरमधे भाऊजींनी मला हळूच विचारलं, "पुढच्या तीन वर्षांत ही शाळा अशीच राहील ना?" मी म्हटलं सांगता येणार नाही, सातवी-आठवी कदाचित पलीकडच्या इमारतीत असेल, बोर्डाचा निर्णय व्हायचाय. खोटं कशाला सांगू. मुलगा तोपर्यंत बँडच्या खोलीच्या काचेतून आत बघत उभा होता, आईला विचारत होता की ट्रम्पेट शाळा देते का आपला आणायचा. त्यांचं घराचं अजून ठरलेलं नाही.